बाणाचं पीस : डावं की उजवं?

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला जेमतेम चाळीस मार्क मिळाले. ड्रॅग म्हणजे काय, हे मला पुस्तकाने नाही, पिसांनी शिकवलं.

आमच्या विंगमधला गडचिरोलीचा मित्र दिवाळीनंतर बांबूचं धनुष्य घेऊन आला. (आपल्याकडे ‘इंडियन राऊंड’च्या स्पर्धा बांबूच्याच धनुष्यावर, ३० आणि ५० मीटरवर होतात.) त्याचे बाण सरळ जायचे. मी बनवलेले मात्र हॉस्टेलमागच्या कडुलिंबात! तो म्हणाला, "काहून बे, पिसं कोणत्या पंखाची लावली?" मी तर मिळतील ती चिकटवली होती.

बाणाचं वजन टोकाकडे जास्त, आणि हवेला अडवणारी पिसं मागे. त्यामुळे मागचा भाग भरकटला की हवाच त्याला पुन्हा रांगेत आणते. शिवाय पिसाला जन्मजात बाक असतो. उजव्या पंखाची पिसं बाणाला, मागून पाहिलं तर, घड्याळाच्या दिशेने फिरवतात. डाव्या पंखाची उलट. माझ्या बाणावर दोन उजवी, एक डावं. म्हणजे आपसातच भांडण! तिन्ही एकाच बाजूची हवीत. डावी की उजवी, याने फारसा फरक पडत नाही.

पक्षी कोणता? जुन्या संस्कृत ग्रंथांत गिधाडाच्या आणि कंक पक्ष्याच्या पिसांचे बाण येतात. इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने १४१७ मध्ये प्रत्येक पाळीव हंसाची सहा पिसं जमा करायचा हुकूम काढला होता. आज गिधाडाचा विचारही नको. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे ती जवळजवळ संपली (जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली), आणि रानपक्ष्याच्या पिसापायी वन्यजीव कायद्यात अडकाल. टर्की किंवा पाळीव हंसाच्या पंखातलं लांब, ताठ पीस घ्या. कोंबडीचं मऊ पडतं.

प्लास्टिकच्या पात्या का नकोत? बांबूच्या धनुष्यावर बाण आपल्या मुठीवरून घासत जातो. पीस दबून निघून जातं, प्लास्टिक धक्का देतं. वजनही दुप्पट-तिप्पट. जड बाणाला पाच इंच पीस लावा, हलक्याला चार पुरे.

देठाची जाड बाजू पुढे ठेवून ती घासून पातळ करा आणि वरून दोरा गुंडाळून गोंद लावा. मी आळस केला. बाण सुटताना देठ बोटात शिरला, आणि सबमिशनच्या आठवड्यात ड्रॉइंगच्या शीट पट्टी बांधलेल्या हाताने काढल्या.

पावसात पिसं चिकटून चपटी होतात. वाळवून चहाच्या भांड्याची वाफ दाखवली की परत फुलतात. मेसच्या काकांना आधी विचारा मात्र.