अलीशिबेचे दार
वाचनभाग : लूक १:३९-५८

मरीया गर्भवती झाली तेव्हा तिचे वाग्दान झाले होते, परंतु लग्न झाले नव्हते. अशा मुलीकडे गाव कोणत्या दृष्टीने पाहते, हे आम्हांस सांगावयास नको. ती उठून घाईने डोंगराळ प्रदेशातील आपली नातलग अलीशिबा हिच्या घरी गेली. अलीशिबा स्वतः वयाने उतरलेली व गरोदर होती. तिने जाब विचारल्याचे शास्त्रात कोठेही नाही. तिने मरीयेस धन्य म्हटले आणि सुमारे तीन महिने आपल्यापाशी ठेवून घेतले. आपल्या पुत्राच्या मातेसही देवाने ह्या काळात सोबतीवाचून ठेविले नाही.

असेच एक दार पुणे शहरात इ. स. १८६३ मध्ये उघडले. त्या काळी ब्राह्मण विधवेस पुनर्विवाह निषिद्ध होता; ती गरोदर राहिली तर तिच्यापुढे गर्भपात, बालहत्या किंवा आत्महत्या एवढेच मार्ग उरत. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढून अशा स्त्रियांस सुखरूप व गुप्तपणे बाळंत होण्यास जागा दिली. तेथे आलेल्या काशीबाई नामक विधवेचा पुत्र यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला व १८९७ च्या प्लेगात त्याने रोग्यांची सेवा केली. फुले दांपत्य ख्रिस्ती नव्हते, तरी अलीशिबेचे काम त्यांनी केले. आमच्या मंडळ्यांनी ह्यावरून आपली परीक्षा करावी.

वैद्यकशास्त्रही हेच सांगते. १७ देशांतील १५,००० हून अधिक स्त्रियांविषयीचे २६ अभ्यास २०१७ साली एकत्र तपासण्यात आले. प्रसूतिसमयी जिच्याजवळ धीर देणारे माणूस सतत होते, तिच्या कळा काहीशा लवकर आटोपल्या व शस्त्रक्रियेचे प्रसंग कमी आले, असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये स्त्रीच्या पसंतीची सोबतीण जवळ असू द्यावी, अशी शिफारस केली. मात्र सोबत ही दवाखान्याच्या जागी नव्हे. रक्तस्राव किंवा झटके दिसताच विलंब न करता दवाखाना गाठावा.

डोहाळजेवण एक दिवसाचे असते. गरोदरपण नऊ महिन्यांचे. जिला माहेर उरले नाही, जिचा पती कामासाठी परगावी आहे, अशी सून आपल्या मंडळीत असेल. तपासणीस तिच्याबरोबर जावे, तिच्या डोक्यावरील हंडा उतरवून घ्यावा, तिची भीती ऐकून घ्यावी. आणि एखादी अविवाहित मुलगी रडत दाराशी आली, तर तिला प्रथम आत घ्यावे. शिस्तीचा विचार वडीलमंडळी नंतर करील.

मननासाठी प्रश्न
१. मरीया आज आपल्या गावी आली, तर ती कोणाच्या घरी जाईल?
२. ह्या आठवड्यात आपण कोणत्या गरोदर भगिनीस भेटणार आहो?