क्ष मानू



शाळेत बीजगणिताचे उदाहरण सोडवताना आपण सुरुवातीला लिहायचो, 'ती संख्या क्ष मानू.' जे ठाऊक नाही त्याला आधी नाव द्यायचे आणि मग ठाऊक असल्यासारखी त्याची बेरीज-वजाबाकी करायची! भास्कराचार्य (जन्म १११४) बीजगणिताला अव्यक्तगणित म्हणत. त्यांच्याकडे पहिल्या अज्ञात राशीचे नाव 'यावत्तावत्', पुढच्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक.

विज्ञानातही तेच. १८९५ साली राँटजेन यांना हाताची हाडे दाखवणारे किरण सापडले. ते नेमके काय आहेत हे कळेना, म्हणून नाव दिले क्ष-किरण. १९१२ च्या प्रयोगांनंतर त्या प्रकाशासारख्याच लहरी असल्याचे स्पष्ट झाले. उत्तर मिळाले, तरी नाव काही बदलले नाही.

पण प्रत्येक अज्ञात गोष्ट क्ष असते का? सेमिनरीत आम्हाला गाब्रिएल मार्सेल हा फ्रेंच तत्त्वज्ञ अभ्यासाला होता. तो म्हणे, समस्या वेगळी आणि रहस्य वेगळे. समस्या माझ्यापुढे असते, ती सोडवून बाजूला ठेवता येते. रहस्यात मी स्वतःच गुंतलेला असतो. पहिल्या महायुद्धात तो रेड क्रॉससाठी बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम करी. कार्डावर फक्त एक नाव असायचे, आणि समोर त्याच्या घरची माणसे. हा फरक त्याला पुस्तकात सापडला नसावा, असे मला वाटते.

माझ्या आधीच्या धर्मग्रामात एका घरी तरुण मुलगा वारला. आईने विचारले, "फादर, माझाच का?" मी लगेच उत्तर दिले. उत्तर शिकवणुकीला धरून होते. ती गप्प झाली, आणि घरी परतताना मला ईयोबाचे मित्र आठवले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर सारे ठीक होते. मग त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली. शेवटी देवाचा कोप झाला तो प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, या उत्तरे देणाऱ्यांवर!

महिन्याच्या मिस्सानंतर मी पुन्हा त्या घरी गेलो आणि ओट्यावर बसलो. या वेळी तीच बोलत होती, त्याच्या क्रिकेटबद्दल, त्याच्या खोड्यांबद्दल. चहा गार झाला. मधेच तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी म्हटले, "बाई, मला माहीत नाही." ती म्हणाली, "बसा फादर, दुसरा चहा टाकते."

– प्रमुख धर्मगुरू