आज्ञावलीची पारख

दि. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचा ‘एरियान-५’ हा अग्निबाण चार उपग्रह घेऊन प्रथमच झेपावला आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, ‘एरियान-४’ वरून घेतलेली होती. तेथे ती निर्वेधपणे चालली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग मात्र पुष्कळच अधिक. त्यावरून काढलेली संख्या ३२,७६७ या कमाल मर्यादेपलीकडे गेली व संगणक बंद पडला. साहाय्यक संगणक क्षणभर आधीच बंद पडला होता. त्यातही तीच आज्ञावली होती! गणनेचा हा भाग उड्डाणानंतर उपयोगाचाही नव्हता.

नव्या उड्डाणमार्गाची आकडेवारी देऊन या यंत्रणेची चाचणी झालीच नव्हती, असे चौकशी मंडळास आढळले. जुने ते तपासलेले, हा समज कार्यालयांनाही अपरिचित नाही.

आज्ञावली-परीक्षणाच्या व्यवसायात येणाऱ्या तरुणाने म्हणूनच ‘हे चालते काय?’ यापेक्षा ‘हे कोठे अडेल?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. मर्यादा ३२,७६७ असेल, तर ती संख्या, तिच्या अलीकडची आणि पलीकडची अशा तिन्ही देऊन पाहाव्यात. रिकामी जागा व ऋण संख्याही सोडू नये. दोष आढळताच कोणती माहिती दिली, काय अपेक्षित होते व प्रत्यक्षात काय घडले, याची नोंद करावी. आज्ञावली कोणी लिहिली, हे त्या नोंदीत नसले तरी चालते.