भावाला वाटा विकायचाय, सागवान कसं राखू?

प्रश्न : रोहण्याला आमचं सहा एकर वावर आहे. त्यातल्या दोन एकर बरडीवर वडिलांनी 1990 नंतर सागवान लावलं, मोहाची जुनी झाडंही आहेत. वडील मृत्युपत्र न करता वारले. सातबाऱ्यावर आई, मी, भाऊ आणि बहीण अशी नावं चढली. भावाला त्याचा वाटा बाहेरच्याला विकायचा आहे. एक ठेकेदार उभ्या सागवानासाठी स्टॅम्पपेपरवर सह्या मागतोय. झाडं दाट झाली की सरकार जमीन जंगल म्हणून घेतं, असंही गावात म्हणतात. काय करू?
— एक वाचक, रोहणा (ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : ठेकेदाराला सही देऊ नका, आईलाही देऊ देऊ नका. मुखत्यारपत्र तर मुळीच नाही.

जमीन वडिलांच्या स्वतःच्या नावाची असेल, तर हिंदू वारसा कायद्याचं कलम 22 तुमच्या कामाचं आहे. एका वारसाला वारशाने आलेला हिस्सा विकायचा असेल, तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा. शेतजमिनीलाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये बाबू राम खटल्यात सांगितलं. किमतीवर जमलं नाही, तर न्यायालय ती ठरवतं. पण हक्क सांगायचा तर पैशाची सोय लागते, म्हणून बहिणीशी आजच बोला. दोघं मिळून घेणं सोपं जाईल. तिचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे, हे मात्र विसरू नका. (तुम्ही आदिवासी असाल तर हा कायदा लागू नाही, तसं कळवा.)

सरकारची भीती बाळगू नका. खाजगी वन संपादन कायदा 30 ऑगस्ट 1975 ला लागू झाला आणि त्या दिवशी जी खाजगी वनं होती, ती सरकारजमा झाली. नंतर वावरात लावलेलं सागवान त्यात येत नाही. तरीही तलाठ्याकडून जुने सातबारे आणि फेरफार काढा. इतर हक्कात ‘खाजगी वन’ किंवा ‘कलम 35’ असा शेरा दिसला, तर वकिलाला दाखवा.

साग आणि मोह स्वतःच्या वावरातले असले तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यासाठी मालकी प्रकरण करावं लागतं : सगळ्या हिस्सेदारांची संमती, हद्दीची मोजणी, झाडांची गोलाई, वनखात्याचा हॅमर (लाकडावरची छाप) आणि शेवटी वाहतूक परवाना. तुमची एक संमती अडली, तर ठेकेदाराचा कागद कुचकामी ठरतो.

भावाने विसार घेण्याआधी त्याला वकिलामार्फत लेखी नोटीस द्या. याच आठवड्यात द्या.