व्हिएन्नाहून बुडापेस्ट : शनिवार-रविवारचा बेत

प्रश्न : नोकरीनिमित्त व्हिएन्नात राहणाऱ्या भारतीयाला बुडापेस्टसाठी वेगळा व्हिसा लागतो का? दोन दिवसांत काय पाहावे?

उत्तर : ऑस्ट्रियाचा वैध निवास परवाना आणि पासपोर्ट जवळ असल्यास शेंगेन क्षेत्रात, म्हणजे परस्परांच्या सीमांवरील नेहमीची तपासणी रद्द केलेल्या देशांच्या समूहात, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येत असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही. रेल्वेने पावणेतीन तासांच्या आसपास वेळ लागतो. हंगेरीत मात्र युरो नव्हे, फोरिंट हे चलन आहे. १८९६ मध्ये सुरू झालेल्या शहरातील पहिल्या भुयारी रेल्वेमार्गावर कागदी तिकीट आधी यंत्रात घालून छापून घ्यावे लागते, अन्यथा तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागतो. १९१३ च्या सेचेनी उष्णस्नानगृहात सकाळीच जावे; सातव्या प्रभागातील ‘रुईन बार’, अर्थात पडीक इमारतींच्या चौकांत थाटलेली मद्यगृहे, रात्रीच रंगतात, म्हणून मुक्काम शनिवारचाच ठेवणे शहाणपणाचे ठरते.