आउटर बँक्सला गरवायला जाताना

कॅरी, मॉरिसव्हिल, रॉली या भागात नव्याने आलेलं कुटुंब पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात आउटर बँक्सला जायचं ठरवतं. घर भाड्याने घेतलेलं असतं, पुण्याहून आई-बाबा आलेले असतात आणि घरातला कोणीतरी कोकणातला असेल तर तो म्हणतोच, “इतक्या लांब समुद्रावर जायचं आणि गरवायचं नाही?” हे मार्गदर्शन त्याच्यासाठी आणि त्याच्याबरोबर जाणाऱ्यांसाठी आहे. उत्तर कॅरोलिनात बरीच वर्षं राहून दर वर्षी समुद्रावर जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी जे सांगितलं ते इथे एकत्र केलं आहे. त्यांची मतं जिथे जुळत नाहीत, तिथे तसंही लिहिलं आहे.

आउटर बँक्स म्हणजे किनाऱ्यापासून सुटी पडलेली वाळूची लांबलचक, चिंचोळी बेटं. पूर्वेला अटलांटिक आणि पश्चिमेला पॅम्लिकोसारखी उथळ, रुंद खाडी. तिला इथे साउंड म्हणतात. कॅरीहून नॅग्स हेड सुमारे 200 मैल, म्हणजे वाटेत न रेंगाळता साडेतीन तास. तिथून दक्षिणेला हॅटरस गाव आणखी तासाभराच्या वर. घर ठरवण्याआधी हे अंतर पाहा. बोट हॅटरसहून आणि घर पार उत्तरेच्या कोरोलाला असेल, तर पहाटे पाचच्या बोटीसाठी मध्यरात्रीच उठावं लागेल.

एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे: पहिल्या खेपेला बोट ठरवू नका, पिअरवर जा. नॅग्स हेडचा जेनेट्स पिअर यासाठी फार चांगला. मूळ लाकडी पिअर 1939 चा. वादळांत तो पुन्हा पुन्हा मोडला आणि 2011 मध्ये त्या जागी काँक्रीटचा नवा उभा राहिला. तो समुद्रात हजार फूट आत जातो. रॉड तिथेच भाड्याने मिळतो, बसायला बाकं आहेत, स्वच्छतागृह आहे. आजोबांचे गुडघे दुखत असतील तरी ते टोकापर्यंत सावकाश चालत जाऊ शकतात आणि ज्यांना गरवायचं नाही त्यांना नुसतं पाहायलाही जाता येतं. पोरांच्या गळाला पहिल्या तासात काहीतरी लागतं, हा सर्वांत मोठा फायदा. स्पॉट, क्रोकर, सी मुलेट हे छोटे मासे पिअरच्या खांबांजवळ फिरत असतात. त्यांतले स्पॉट आणि क्रोकर आपल्या ढोम्याच्या घराण्यातले, आणि हाताळायला सोपे.

आणखी एक सोय आहे. या राज्यात समुद्रात किंवा खाडीत मासे पकडायला 16 वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला ‘कोस्टल रिक्रिएशनल फिशिंग लायसन्स’ लागतं. पण बहुतेक पिअरचा आणि भाड्याच्या बोटींचा स्वतःचा सामायिक परवाना असतो आणि तुम्ही भरलेल्या पैशांत तो येतो. पैसे भरताना एकदा विचारून खात्री करा. किनाऱ्यावरून गरवणार असाल, तर मात्र प्रत्येकाचा वेगळा परवाना काढा. दहा दिवसांचा मिळतो, वर्षाचाही मिळतो, आणि ऑनलाइन काही मिनिटांत होतो. भारतातून आलेल्या बाबांच्या हाती रॉड द्यायचा असेल, तर त्यांच्याही नावाने काढावा लागतो. “ते फक्त धरून उभे होते” हे तपासणीला आलेला अधिकारी ऐकून घेत नाही. 4 जुलैला सगळ्यांनाच परवान्याशिवाय गरवता येतं. मात्र मापाचे नियम त्या दिवशीही सुटत नाहीत.

या मापांविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण नवीन लोक इथेच अडकतात. रेड ड्रम हा या राज्याचा मानाचा खाऱ्या पाण्यातला मासा. हाही ढोम्या-घोळीच्याच घराण्यातला. जगातला नोंदलेला सर्वांत मोठा रेड ड्रम 1984 मध्ये इथेच, एव्हनच्या किनाऱ्यावर लागला: 94 पौंड 2 औंस, म्हणजे जवळजवळ 43 किलो. पण घरी नेता येतो तो 18 ते 27 इंचांमधला, आणि माणशी दिवसाला एकच. लहान सोडायचा हे आपल्याला लगेच पटतं. मोठाही सोडायचा, हे पहिल्यांदा ऐकताना जड जातं. कारण साधं आहे: मोठी मादी लाखोंनी अंडी घालते. आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा समुद्राला जी विश्रांती मिळते, तेच काम इथे मापाची ही पट्टी करते. ज्यांनी लहानपणी नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी शाकारलेल्या पाहिल्या आहेत, त्यांनी हा नियम मनापासून पाळावा असं मला वाटतं.

फ्लाउंडर म्हणजे आपल्या लेपीसारखा चपटा मासा. त्याचा हंगाम अलीकडे फारच आखूड झाला आहे, आणि 2024 मध्ये तर किनारी पाण्यात हौशी लोकांना तो मुळीच खुला नव्हता. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी राज्याच्या सागरी मत्स्य विभागाचे चालू नियम वाचा. मागच्या वर्षी शेजाऱ्याने सांगितलेलं यंदा चालेलच असं नाही. 1 डिसेंबर 2025 पासून आणखी एक बंधन आलं आहे: रेड ड्रम, फ्लाउंडर, स्पॉटेड सीट्राउट, स्ट्राइप्ड बास आणि वीकफिश यांपैकी काही ठेवून घेतलंत, तर त्याची नोंद राज्याकडे करावी लागते. आणि मापाचा नियम असलेल्या माशाचं डोकं-शेपूट गरवण्याच्या जागी कापू नका. मोजायला आलेल्या अधिकाऱ्याला मासा अख्खा दिसला पाहिजे.

पिअरवर हात बसला की किनाऱ्यावर या. इथे मतं फुटतात. मालवणकडच्या एका काकांच्या मते खरं गरवणं तेच, बाकी सगळी करमणूक. लहान मुलं असलेल्या दोन-तीन ताईंना मात्र ते नको वाटतं, कारण एकाचं लक्ष रॉडवर आणि दुसऱ्याचं पोरांवर असावं लागतं. मला दोघांचंही पटतं. दोन मोठी माणसं पोरांकडे पाहायला असतील तरच किनाऱ्यावर गरवा. या किनाऱ्यावर आत ओढणारे प्रवाह जोरदार असतात. लाल बावटा असेल त्या दिवशी घोटाभर पाण्यातही उभं राहू नका, गळ कोरड्या वाळूवरूनच टाका.

किनारा वाचायचा असतो. ओहोटीला काहीही न घेता नुसते फिरायला जा. लाट आधी दूरवर फुटते, मग मध्ये काही अंतर पाणी गडद आणि शांत दिसतं, आणि शेवटी काठाशी पुन्हा फुटते. तो मधला गडद पट्टा म्हणजे वाळूतला खोल चर. भरती चढू लागली की मासे त्या चरातून काठाने फिरतात. बरेच नवखे सगळा जोर लावून लांब टाकतात आणि गळ चराच्या पलीकडे पडतो. पंचवीस-तीस पावलांवर टाकला तरी पुष्कळदा पुरतं. साधी दोन गळांची दोरी, टोकाला पिरॅमिडच्या आकाराचं शिसं, आणि आमिषाला कोळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. लाट मागे सरते तेव्हा ओल्या वाळूत भराभर घुसणारे बारीक, अंड्याच्या आकाराचे खेकडे पोरांना पकडायला सांगा. पॉम्पॅनोला त्यांच्याइतकं काहीच आवडत नाही.

कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटीचं गणित तिथीवरून येतं. इथे ते थोडं बदलावं लागतं. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, इथे समुद्राच्या बाजूला साधारण एक मीटर. साउंडमध्ये तर चंद्राची भरती जवळजवळ कळतच नाही. तिथलं पाणी वारा हलवतो. वारा नैर्ऋत्येचा असो की ईशान्येचा, साउंडच्या एका काठाचं पाणी उतरतं आणि दुसऱ्या काठावर चढतं. उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा वारा दोन-तीन दिवस टिकला, तर समुद्राच्या बाजूचं पाणी अचानक गार पडतं आणि मासे मंदावतात. म्हणून इथे तिथीच्या आधी वाऱ्याचा अंदाज पाहा.

साउंडच्या काठाला कुर्ल्या आहेत, आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलासाठी यासारखी मजा नाही. दोरीला कोंबडीच्या मानेचा तुकडा बांधून उथळ पाण्यात सोडायचा. दोरी ताणली की हळूहळू ओढायची आणि खालून जाळीत घ्यायची. हा निळा खेकडा आपल्या समुद्री चिंबोरीचा जवळचा नातलग. कडक कवचाचा ठेवायचा असेल, तर कवच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किमान 5 इंच हवं. कुर्ल्यांसाठी मासेमारीचा परवाना लागत नाही.

बोटीचं थोडक्यात. हेडबोट म्हणजे माणशी पैसे भरून पुष्कळ लोकांबरोबर जायचं. सामान तेच देतात. चार्टर म्हणजे सहा जणांपर्यंत अख्खी बोट तुमची. गल्फ स्ट्रीमपर्यंतचा पूर्ण दिवस दोन हजार डॉलरच्या वर जातो, शिवाय मदतनिसाला 15 ते 20 टक्के बक्षीस रोख द्यावं लागतं. टूना, माही-माही यांसाठी ते लोक मैलोन् मैल आत नेतात. दिवसभर बोट हलत असते, उलटीची गोळी आदल्या रात्रीच घ्यावी लागते, आणि आई-बाबांना मी तरी तिथे नेणार नाही. अर्ध्या दिवसाची जवळची फेरी पुरेशी आहे. तीत स्पॅनिश मॅकरेल लागतो. तो आपल्या सुरमईचा सख्खा भाऊ. कॅप्टनने वाऱ्यामुळे फेरी रद्द केली तर वाद घालू नका. म्हणूनच बोट आठवड्याच्या सुरुवातीला ठरवावी, म्हणजे पुढचा दिवस हातात राहतो. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम आहे, तेव्हा घराचा करार करताना वादळामुळे बेट सोडावं लागलं तर पैशांचं काय, ते वाचून घ्या.

काटे लक्षात ठेवा. इथला समुद्री कॅटफिश म्हणजे आपला शिंगाळाच. त्याच्या पराचा काटा हातात खोल जातो. पाकटाच्या शेपटीला हात लावू नका, दोरी कापून सोडून द्या. ब्लूफिशचे दात बोट कापतात, गळ काढायला पक्कड वापरा.

उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्ट्यांतच बहुधा श्रावण येतो. घरात पाळणारे असतील तर त्यांच्याशी आधी बोला. पकडून सोडणारेही खूप आहेत. सोडायचंच असेल तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करा, मासा ओल्या हाताने धरा आणि फोटोसाठी वाळूवर ठेवू नका. श्रावण टाळायचा असेल आणि शाळेची अडचण नसेल, तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा इथला सर्वांत चांगला काळ आहे. घरंही तेव्हा स्वस्त मिळतात.

ठेवायचा तो मासा लगेच बर्फात जावा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ आणि समुद्राचं पाणी कालवलेलं चांगलं. ब्लूफिश त्याच दिवशी खावा, मधला काळपट भाग काढून, कारण तो तेलकट असतो आणि लवकर वास मारतो. भाड्याच्या घरातले तवे पातळ असतात. घरून बिडाचा तवा, रवा, तांदळाचं पीठ, आगळ आणि मालवणी मसाला घेऊन जा. घरात शाकाहारी मंडळी असतील तर तवा वेगळा ठेवा आणि बाहेरच्या शेगडीवर तळा. परतीच्या दिवशी कूलरमधलं वितळलेलं पाणी काढून टाका, मासे बंद पिशव्यांत भरा आणि वरखाली नवा बर्फ घाला. साडेतीन तासांनी कॅरीला पोहोचल्यावर ते सरळ फ्रीजरमध्ये जाऊ शकतात.