सापाच्या पिलाचा घास

पावसाळा लागला की घुग्घुसच्या शिवारात सापाची पिले दिसू लागतात. कधी धुऱ्यावर, कधी सरपणाच्या ढिगात, तर कधी न्हाणीच्या मोरीत. पोरासोरांना त्यांचे कौतुक वाटते. एखादे पोर पिलाला डब्यात घालते आणि म्हणते, "आपण याला पाळू." मग घरात प्रश्न निघतो. याला खायला काय द्यावे? किती मोठे द्यावे?

या प्रश्नाचे उत्तर आज शिकू. ते नीट कळले, म्हणजे पिलू घरात का ठेवू नये, हेही कळेल.

साप कसा गिळतो?

आपण भाकरी मोडतो, चावतो, मग गिळतो. सापाला हे जमत नाही. त्याचे दात मागे वळलेले असतात. ते भक्ष्य धरून ठेवतात, बारीक करीत नाहीत. म्हणून साप भक्ष्य अख्खे गिळतो. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढच्या बाजूला हाडाने जोडलेले नसतात. ते ताणले जातात. त्याला छातीचे मधले हाड नसते, म्हणून फासळ्याही फाकतात. त्यामुळे डोक्यापेक्षा मोठा घास त्याच्या पोटात जातो. पण कितीही मोठा घास चालतो, असे मात्र नव्हे.

घासाचे माप

साप सांभाळणारी जाणती माणसे एक साधे माप धरतात. सापाचे अंग जिथे सर्वांत जाड असेल, तिथे पाहावे. घास तेवढाच जाड असावा, फार तर किंचित जास्त. करंगळीएवढ्या पिलाला करंगळीएवढाच घास. गिळल्यावर पोटावर थोडा फुगवटा दिसावा. मोठा गोळा दिसला, तर घास मोठा झाला असे समजावे.

घास लहान झाला तर बिघडत नाही. पिलू आणखी एक खाते. घास मोठा झाला तर मात्र तीन प्रकारे नुकसान होते.

१. भक्ष्य जिवंत असेल, तर मोठा उंदीर उलट पिलालाच चावतो.

२. मोठा घास लवकर पचत नाही. पचण्याआधीच पोटात सडू लागतो. हवा थंड असली तर पचन आणखी मंदावते.

३. पिलू तो घास ओकून टाकते. असे वरचेवर झाले की ते खंगते आणि मरते.

खाल्ल्यावर निदान दोन दिवस पिलाला हात लावू नये. घाबरले तरी ते ओकते. लहान पिलाला साधारण आठवड्यातून एक जेवण पुरते. लेकरासारखे त्याला दोन वेळा भरवायचे नसते.

शिवाय प्रत्येक जातीचे खाणे निराळे. धामणीचे पिलू लहान बेडूक आणि सरडे खाते. मोठी धामण उंदीर खाते. दिवड मासोळ्या आणि बेडूक खाते. कवड्या पाली खातो. मण्यार दुसरे साप खाते. वाळा तर मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. आता सांगा, हे सारे मापात मोजून घरी कोण आणणार?

वर्गातील बोलणे

हा धडा साक्षरता वर्गात चालला होता. एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, मंग दूध काहून नाही चालत? नागपंचमीले तं आपण दूधच ठेवतो."

"बाई, सापाला दूध पचत नाही. सापीण पिलांना दूध पाजत नाही. गारुडी सापाला पुष्कळ दिवस तहानलेला ठेवतो, म्हणून तो दुधाला तोंड लावतो. पुढे आजारी पडून मरतो. नागोबाला हात जोडा, दूध लेकराला द्या."

एक म्हातारबुवा म्हणाले, "पण पिलू एवढंसं. त्याचं इख ते केवढं असन?"

"बुवा, इथेच माणूस फसतो. नागाचे पिलू अंड्यातून निघते तेव्हाच विषारी असते. घोणस अंडी घालत नाही, पिलेच घालते. तीही जन्मापासून विषारी. कवड्या आणि मण्यार दिसायला सारखे. कवड्या समजून मण्यार डब्यात घातली, तर घरातले लेकरू जाईल. मण्यारीचा चावा पुष्कळदा दुखतही नाही. माणूस झोपेतच राहतो."

वर्ग गप्प झाला.

मग काय करावे?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. साप पकडणे, मारणे आणि घरी पाळणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पुण्याजवळ कात्रजला १९८६ साली सर्पोद्यान निघाले. साप सांभाळायचे ते अशा जागी, परवानगीने आणि जाणत्या माणसांनी.

पिलू दिसले तर लेकरांना मागे घ्या. हात लावू नका. लांबून नजर ठेवा. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करा. कोणाला साप चावला, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. १०८ वर फोन करून गाडी बोलवा आणि माणसाला लगेच सरकारी दवाखान्यात न्या.

शिवारात पिलू आपला घास आपणच शोधते. त्याला माप कोणी शिकवावे लागत नाही. आज करंगळीएवढे असलेले धामणीचे पिलू बेडकावर भागवते. तेच वाढले की उंदराच्या बिळात शिरते आणि आपली तूर, सोयाबीन, धान वाचवते. म्हणून त्याला डब्यात कोंडू नका, काठीनेही मारू नका. त्याची जागा शिवारात आहे.

शब्दांचे अर्थ

भक्ष्य – खाण्यासाठी धरलेला जीव
खंगणे – दिवसेंदिवस अशक्त होणे
सर्पोद्यान – साप ठेवण्याची व पाहण्याची बाग

प्रश्न

१. साप भक्ष्य अख्खे का गिळतो?
२. पिलाच्या घासाचे माप कसे धरतात?
३. घास फार मोठा झाला तर काय होते?
४. तुमच्या घरी सापाचे पिलू निघाले, तर तुम्ही काय कराल? चार ओळी लिहा.